जर, तर आणि आज

व्याकरण शिकविणाऱ्या माणसाच्या आयुष्यांत वादळें उठत नाहींत, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. काव्य शिकविणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांना मधून मधून पाणी येतें, इतिहास शिकविणारे कधीं कधीं चवताळून उठतात. पण क्रियापदांचीं रूपें फळ्यावर लिहिणाऱ्याला खडूच्या धुळीखेरीज दुसरा कसला त्रास होणार? गेलीं तीस वर्षें मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. एवढ्या काळांत कर्ता, कर्म आणि क्रियापद यांपैकीं कोणीं माझी झोंप मोडल्याचें मला स्मरत नाहीं. ती मोडली गेल्या पावसाळ्यांत, एका वहींतल्या एका वाक्यानें. आणि गंमत अशी, कीं त्या वाक्यांत चूक एकही नव्हती.

धडा संकेतार्थाचा होता. आपल्या शाळेंतल्या व्याकरणांत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ शिकवितात. त्यांतला हा चौथा. ‘जर’ म्हणून आरंभ करावयाचा आणि ‘तर’ म्हणून शेवट गांठावयाचा, अशी त्याची मराठी चाल. इंग्रजींतल्या या जर-तरच्या वाक्यांना शिक्षकांनीं आपल्या सोयीसाठीं क्रमांक दिलेले आहेत. पहिल्या प्रकारांत उद्यांची शक्यता असते: पाऊस पडला, तर पेरणी होईल. दुसऱ्यांत आजची कल्पना: मला पंख असते, तर मी उडालों असतों. तिसऱ्यांत कालची हळहळ: वेळेवर निघालों असतों, तर गाडी मिळाली असती. विद्यार्थी हे तीन कप्पे पाठ करतात, परीक्षेंत त्यांत वाक्यें टाकतात आणि मोकळे होतात.

पण माणसाचें मन कांहीं या कप्प्यांच्या मापानें बेतलेलें नाहीं. काल जें घडलें नाहीं त्याची सावली आजच्या दिवसावर पडते; आणि आज आपण जसे आहों तसे असल्यामुळें कालचीं कित्येक कामें राहून गेलेलीं असतात. अशा वेळीं वाक्याचें एक टोंक एका काळांत आणि दुसरें टोंक दुसऱ्या काळांत ठेवावें लागतें. या जोडवाक्याला इंग्रजीचीं पाठ्यपुस्तकें मिश्र संकेतार्थ म्हणतात.

हा मिश्र संकेतार्थ आमच्या मुलांना फार जड जातो. तो कां जड जातो, हें मला स्वतःला उमगावयास बरीच वर्षें लागलीं. दोन वाक्यें पाहा. ‘पाऊस पडला असता, तर पीक आलें असतें’ आणि ‘पाऊस पडला असता, तर आज घरांत दाणे असते’. मराठी कानाला दोन्ही वाक्यें सख्ख्या बहिणींसारखीं वाटतात. दोहोंत ‘असता’ आहे, दोहोंच्या शेवटीं त्याचेंच भावंड आहे. कालचें काल आणि आजचें आज ठेवण्याचें काम ‘आज’ हा एकटा शब्द मुकाट्यानें करतो. इंग्रजीला एवढ्यानें भागत नाहीं. पहिलें वाक्य ती म्हणते, ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव ग्रोन’. आणि दुसरें म्हणते, ‘इफ इट हॅड रेन्ड, देअर वुड बी ग्रेन इन द हाऊस टुडे.’ दुसऱ्या वाक्यांतून ‘हॅव’ निघून गेला, हें आमच्या विद्यार्थ्याला पटतच नाहीं. तो त्या ‘हॅव’ला सोडावयास तयार नसतो.

दुसरी चूक याहून हट्टी आहे. मराठींत जरच्या बाजूलाही ‘असता’ आणि तरच्या बाजूलाही ‘असता’. तेव्हां इंग्रजींतही दोन्ही बाजूंना सारखेंच कांहीं तरी असलें पाहिजे, असें धरून मुलें दोन्हीकडे ‘वुड’ बसवितात. ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’ असें वाक्य मीं आजवर किती वेळां खोडलें असेल, त्याची मोजदाद नाहीं. पूर्वीं मी रागावत असें. आतां रागावत नाहीं. ही चूक आळसाची नव्हे, ती मातृभाषेशीं राखलेल्या इमानाची आहे. आणि इमानी माणसावर रागावून त्याला शिकवितां येत नाहीं.

या बाबतींत आपली मराठी किती निश्चिंत आहे, तें दाखविण्यासाठीं मी वर्गांत एक म्हण सांगतों. ‘आत्याबाईला मिशा असत्या, तर काका म्हटलें असतें.’ वर्ग हंसतो. मग मी विचारतों, “केव्हां म्हटलें असतें? आज, कीं लहानपणापासून?” वर्ग गप्प होतो. त्या म्हणीला सहसा कोणीं हा प्रश्न विचारलेला नसतो. आज म्हणावयाचें असेल, तर इंग्रजींत ‘वुड कॉल’. आजवर म्हणत आलों असतों असें सांगावयाचें असेल, तर ‘वुड हॅव कॉल्ड’. मिशा नसणें ही आत्याबाईची कायमची स्थिति, आणि तिला आत्या म्हणत आलों ही झालेली गोष्ट. म्हणजे मिश्र संकेतार्थाचा दुसरा प्रकार आपल्या आजीच्या तोंडीं पूर्वींपासून होता. त्याला नांव तेवढें नव्हतें.

शिकविण्याची माझी एक युक्ति आहे. जर-तरचें प्रत्येक वाक्य दोन साध्या, खऱ्या विधानांच्या पायावर उभें असतें. तीं विधानें वाक्यांत दिसत नाहींत. पायाचे दगड दिसत नाहींत, तशीं. म्हणून मी मुलांना सांगतों, कीं आधीं तीं दोन विधानें लिहा आणि प्रत्येकापुढें त्याचा काळ लिहा. पाऊस पडला नाहीं: तेव्हां. घरांत दाणे नाहींत: आज. मग दोन्ही उलटीं करा. ‘तेव्हां’चें विधान जरच्या बाजूला आलें, तर ‘हॅड’ आणि क्रियापदाचें तिसरें रूप. ‘आज’चें विधान तरच्या बाजूला आलें, तर ‘वुड’ आणि क्रियापदाचें मूळ रूप. याच्या उलट, आजची किंवा कायमची स्थिति जरच्या बाजूला आली, तर क्रियापदाचें साधें भूतकाळी रूप, आणि ‘असणें’ या अर्थीं सर्व पुरुषांना ‘वेअर’. कालची गोष्ट तरच्या बाजूला आली, तर ‘वुड हॅव’ आणि तिसरें रूप. नियम एवढाच आहे. पाया नीट घातला, कीं इमारत आपण होऊन उभी राहते.

उदाहरणांसाठीं मला हिंगोली जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें नर्सी आमच्याच जिल्ह्यांत आहे. विधान पहिलें: नामदेव पंजाबांत गेले. विधान दुसरें: शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. आतां उलटा: नामदेव पंजाबांत गेले नसते, तर आज त्या ग्रंथांत तीं पदें नसतीं. २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन पंजाबांतल्या घुमान गांवीं भरलें, तेंही त्या एका प्रवासाचेंच दूरचें फळ. मुलांना हें उदाहरण आवडतें, कारण नर्सीची यात्रा त्यांनीं पाहिलेली असते.

दुसरें उदाहरण मी आमच्या वडिलांच्या आठवणीनें देतों. त्यांची शाळा निजामाच्या अमदानींतली. राज्यकारभार उर्दूंत चाले, आणि १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही उर्दूंतूनच दिलें जाई. वडील शेवटपर्यंत हिशेब उर्दू आंकड्यांत मांडीत, आणि घरांत कोणी सबबी सांगूं लागलें, कीं म्हणत, “अगर-मगर पुरे!” हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्यें भारतांत विलीन झालें नसतें, तर आज मी हा पाठ कदाचित् उर्दूंतून समजावीत असतों. येथें ‘वुड बी एक्सप्लेनिंग’ असें चालू क्रियेचें रूप येतें, हें सांगावयास हें वाक्य मला फार सोयीचें पडतें.

अशी सगळी तयारी झाल्यावर गेल्या पावसाळ्यांत मीं वर्गाला घरचा अभ्यास दिला. प्रत्येकानें स्वतःच्या आयुष्यांतलें एक वाक्य लिहून आणावयाचें. खालीं त्याचीं दोन साधीं विधानें मराठींत लिहावयाचीं. पुस्तकांतली चुकलेली गाडी नको, म्हणून बजावलें होतें. चार दिवसांनीं वह्या आल्या. रात्रीं जेवण आटोपून, बाहेर पावसाची झिमझिम चालूं असतां, मी लाल पेन घेऊन बसलों.

पहिल्या वीस वह्यांत अर्ध्याहून अधिक मुलांनीं लिहिलें होतें, कीं मी इंग्रजी शाळेंत गेलों असतों, तर आज मला इंग्रजी बोलतां आलें असतें. ‘हॅव’ अर्थात् होताच. एकाच्या आजोबांनीं रस्त्याकडेची जमीन विकली नसती, तर आज त्यांच्या मालकीचें हॉटेल असतें. एका पठ्ठ्यानें दुसरा प्रकार नेमका हेरून लिहिलें होतें, कीं आमची एस्टी वेळेवर येणारी असती, तर मागची चांचणी माझी बुडाली नसती. व्याकरण बिनचूक, मीं बरोबरची खूण केली आणि हंसलों. व्याकरणाच्या आडून सबब सांगणारा विद्यार्थी मला नेहमींच होतकरू वाटत आला आहे.

त्यानंतरची वही एका मुलीची होती. मुलगी मागल्या बांकावर बसणारी, फारशी न बोलणारी. तिचें वाक्य असें होतें: ‘इफ माय सिस्टर हॅड नॉट लेफ्ट कॉलेज, आय वुड नॉट बी सिटिंग इन धिस क्लास.’ आणि खालीं, सांगितल्याप्रमाणें, मराठींत दोन विधानें: ‘ताईनें कॉलेज सोडलें. मी या वर्गांत बसलें आहें.’

मीं बरोबरची खूण केली. पुढली वही घेतली, उघडली, आणि मिटून ठेवली. त्या रात्रीं मीं आणखी एकही वही तपासली नाहीं.

माझा दादा माझ्याहून अकरा वर्षांनीं वडील आहे. कयाधूच्या कांठीं आमचें गांव. १९७२ सालीं पाऊस गेला. त्या आधींचीं वर्षेंही मराठवाड्याला धड गेलेलीं नव्हतीं. पण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटलें, कीं आजही आमच्याकडचीं म्हातारीं माणसें क्षणभर बोलणें थांबवितात. मी तेव्हां तीन वर्षांचा होतों, म्हणून मला जें आठवतें तें ऐकून ऐकून आठवतें: सरकारी कामावर खडी फोडावयास गेलेलीं चांगल्या घरचीं माणसें, मिलो नांवाची परदेशी तांबडी ज्वारी, मुलांना वाटली जाणारी सुकडी. त्या दुष्काळाच्या अनुभवांतून महाराष्ट्रांत रोजगार हमीची योजना उभी राहिली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २००५ सालीं साऱ्या देशासाठीं त्याच धर्तीचा कायदा आला. इतिहासाचा प्राध्यापक यावरून एक भारदस्त मिश्र संकेतार्थ रचूं शकेल. आमच्या घरापुरता त्या दुष्काळाचा अर्थ इतकाच झाला, कीं आठवींत असलेला दादा आईवडिलांबरोबर खडीच्या कामावर गेला. पुढल्या जूनमध्यें पाऊस आला, शाळाही उघडली. दादा मात्र शाळेंत परत गेला नाहीं. बैल विकले गेले होते, देणें झालें होतें, आणि वडिलांना एका हाताची जरुरी होती.

मी शाळेंत गेलों तो दादाची पाटी घेऊन. त्याचें आणखी एक पुस्तक माझ्याकडे आलें: तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा पहिला भाग. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलें याच पाठमालेच्या बोटाला धरून इंग्रजीच्या बाजारांत फिरलीं, मीही फिरलों. पुस्तकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईनें दादाचें नांव होतें. भाषांतरासाठीं दिलेल्या वाक्यांचीं उत्तरें त्यानें समासांत शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं होतीं. एका धड्यापर्यंत तीं होतीं. पुढले समास कोरे होते. त्या कोऱ्या समासांत माझीं उत्तरें आहेत.

पुढें मी दहावी झालों, बी. ए. झालों, तेव्हांच्या औरंगाबादेस एम. ए. ला राहिलों. दर महिन्याला दादाची मनिऑर्डर येई. कापूस कधीं विकला आणि कितीला विकला, हें त्यानें मला कधीं सांगितलें नाहीं. मीं कधीं विचारलें नाहीं.

दादानें शाळा सोडली नसती, तर मी आज प्राध्यापक नसतों. वाक्य सरळ आहे, पहिल्या प्रकारचें आहे, तें मला बिनचूक करतां येतें. किंबहुना मीं तें पुष्कळदां केलेंही आहे. माझ्या सत्कारांत मीं तें व्यासपीठावरून म्हटलें आहे. ‘ज्येष्ठ बंधूंचा त्याग’ असा शब्दही त्या वेळीं सभेला शोभून दिसतो. माझ्या पीएच्. डी. च्या प्रबंधाच्या आरंभीं तें चांगल्या घोटीव इंग्रजींत छापलेलें आहे. त्या प्रबंधाची एक प्रत दादाच्या घरीं, देवाच्या फळीशेजारीं, प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेली आहे. दादाला इंग्रजी येत नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, ती या पहिल्या वाक्यामुळें नव्हे. त्याच्या मागून दुसऱ्या प्रकारचें एक वाक्य आलें, त्यामुळें. ‘मी वेगळा माणूस असतों, तर हें मीं त्याला केव्हांच सांगितलें असतें.’ वाचकहो, या दोन प्रकारांतला भेद मी तीस वर्षें काळाचा म्हणून शिकवीत आलों. तो तेवढाच नाहीं. पहिल्या प्रकारचीं वाक्यें बोलतांना माणसाला एक प्रकारचें सुख असतें. पाऊस आला असता, वडिलांनीं ऐकलें असतें, सरकारनें केलें असतें. जरच्या बाजूला नेहमीं दुसरें कोणी तरी किंवा दुसरें कांहीं तरी उभें असतें. दुसऱ्या प्रकारांत जरच्या बाजूला पुष्कळदां आपण स्वतः उभे असतों. आणि तेही काल होतों तसे नव्हे, आज आहों तसे. काल होऊन गेला, त्याला उपाय नाहीं. आजचें तसें म्हणतां येत नाहीं. एस्टीवर दोष ढकलणाऱ्या त्या पठ्ठ्याला हें ठाऊक होतें, म्हणून त्यानें जरच्या बाजूला मोठ्या चतुराईनें एस्टी उभी केली.

पोळ्याला मी गांवीं गेलों. आदल्या दिवशीं सायंकाळीं पोंचलों, तेव्हां गोठ्यांत खांदमळणी चालली होती. वर्षभर जूं वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना दादा हळद आणि लोणी चोळीत होता. आतां गांवांत ट्रॅक्टर पुष्कळ झाले. दादानें एक जोडी अजून ठेवली आहे. त्याचे हात कामांत होते, पाठ माझ्याकडे होती. बोलावयास तेंच बरें वाटलें.

“दादा, एक सांगायचं आहे.”

“कामून रे? तब्येत बरी हाय ना?”

“बरी आहे.” मी थांबलों. मीं मनाशीं वाक्य तयार करून आणलें होतें, जर-तर सहित. तें कांहीं केल्या ओठांवर येईना. मग मीं माझीच युक्ति वापरली. इमारत राहूं दिली, आणि नुसते पायाचे दोन दगड त्याच्यापुढें ठेवले. “बहात्तर साली तू शाळा सोडलीस. मी शिकलो.”

दादाचा हात बैलाच्या खांद्यावर क्षणभर थांबला असें मला वाटलें. कदाचित् बैलानेंच मान हलविली असेल.

“अन् तुझ्यासाठी सोडली म्हणून कोणी सांगितलं तुला?” तो म्हणाला. “तू तवा एवढासा व्हतास. मला इंग्रजी येत नव्हतं. मास्तर छड्या हाणायचे. दुष्काळ आला अन् मी सुटलो.” आणि तो मोठ्यानें हंसला.

व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिलें, तर माझें वाक्य तेथेंच कोसळावयास हवें होतें. पहिलें विधान खरें होतें, दुसरेंही खरें होतें. पण दोहोंना जोडणारा सांधा दादानें सहज काढून घेतला. त्यानें शाळा सोडली, आणि मी शिकलों. एकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध नाहीं. मी हें मान्य केलें असतें, तर माझें तीस वर्षांचें देणें त्या गोठ्यांतच फिटलें असतें.

पण माझ्या डोळ्यांपुढें तर्खडकरांच्या पुस्तकाचे समास होते. ती शिसपेन्सिल, तें बारीक अक्षर, एकामागून एक उत्तरें. त्यांत चुका अगदीं थोड्या. ज्याला इंग्रजी येत नव्हतें अशा मुलाचीं तीं उत्तरें नव्हेत. मी तें बोललों नाहीं. दादा खरें सांगत होता, कीं माझ्या खांद्यावरचें जूं उतरवून घेत होता, हें मला आजही ठाऊक नाहीं. घडून न गेलेल्या गोष्टींची हीच तर अडचण आहे. त्यांना साक्षीदार नसतो.

हळद लावून झाली. दादानें दोन्ही बैलांपुढें हात जोडले आणि रीतीप्रमाणें म्हणाला, “आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.” मग माझ्याकडे वळून, हात पुसत, जवळजवळ त्याच सुरांत म्हणाला, “चल, तूबी जेवाया चल. वहिनी थांबली आसंल.”

जेवतांना तो मला विचारूं लागला, कीं वर्गांत सध्यां काय शिकवितोस. मीं सांगितलें, जर-तर शिकवितों. तो म्हणाला, “त्याला शाळा कशाला लागते? हितं बांधावर बसलं की दिवसभर त्येच चालतंय.” वहिनी हंसूं लागल्या. मग मीं त्याला आत्याबाईच्या मिशांचें व्याकरण समजावून सांगितलें. त्यानें लक्षपूर्वक ऐकून घेतलें आणि एकच शंका काढली: “पण काका म्हटल्यावर आत्याबाईचा नवरा कोण म्हणायचा?” ही शंका कोणत्याही इंग्रजी व्याकरणांत घेतलेली नाहीं. मी निरुत्तर झालों.

दुसऱ्या आठवड्यांत वह्या परत दिल्या. तास संपल्यावर ती मागल्या बांकावरची मुलगी माझ्या टेबलाशीं आली. आपल्या वाक्याखालची लाल खूण दाखवून म्हणाली, “सर, हें सगळें बरोबर आहे ना? ‘हॅव’ नको ना त्यांत?”

“नको,” मी म्हणालों. “बरोबर आहे. हें वाक्य तूं ताईला दाखविलेंस का?”

ती किंचित् गोंधळली. “तिला इंग्रजी येत नाहीं, सर. तिनें पहिल्याच वर्षीं सोडलें.”

“मग खालचीं दोन वाक्यें दाखव. तीं मराठींत आहेत.”

तिनें वहीकडे पाहिलें, मान हलविली, आणि वही छातीशीं धरून ती बाहेर गेली. पुढल्या तासाची मुलें आंत येऊं लागलीं होतीं. मी फळा पुसावयास घेतला.